बारा सागरी मैलांचा कायदा

मालवणच्या समुद्रात कोणी, कुठे, केव्हा आणि कोणत्या जाळ्याने मासे धरायचे हे ठरवणारा मूळ कायदा म्हणजे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तिन्ही किनारी तालुक्यांनी नवा जिल्हा आणि नवा कायदा एकदमच पाहिला. या कायद्याची घडण जरा वेगळी आहे. कोणते जाळे चांगले आणि कोणते वाईट हे तो स्वतः सांगत नाही. कलम ४ अन्वये तो राज्य सरकारला आदेश काढण्याचा अधिकार देतो, आणि खरी बंधने त्या आदेशांत असतात. म्हणून त्याचा इतिहास विधिमंडळातल्या चर्चांपेक्षा शासनाच्या राजपत्रात, तहसील कचेरीतल्या दाव्यांत आणि सर्जेकोटच्या बंदरात जप्त होऊन उभ्या राहिलेल्या ट्रॉलरांत जास्त सापडतो.

कायदा येण्यापूर्वी या किनाऱ्यावर नियम नव्हते असे नाही. रापण हे गाबीत समाजाचे जुने साधन. होडीने जाळे अर्धवर्तुळात सोडत पुन्हा किनाऱ्याकडे यायचे आणि मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसे लागून ते पुळणीवर ओढायचे. एका रापणीला बरीच माणसे लागतात, म्हणून रापणीचे संघ असत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा असे हिशेब ठरलेले असत. कोणत्या संघाने कुठल्या पुळणीवर आणि कुणानंतर रापण टाकायची, हेही गावात ठरे. ही व्यवस्था फार न्याय्य होती असे मानण्याचे कारण नाही, कारण ज्याच्याकडे जाळे त्याचा वरचष्मा तेव्हाही होताच. पण तिचा एक गुण होता. बांगडा किनाऱ्याजवळ आला तरच तो मिळे, आणि मिळाला की तो गावातल्या पुष्कळ घरांत पोचे.

ही घडी यांत्रिक ट्रॉलरने विस्कटली, आणि ट्रॉलरमागे कोळंबी होती. १९५० च्या दशकात गोठवलेली भारतीय कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली. पुढे जपानची बाजारपेठ मिळाली. परकीय चलनाची चणचण असलेल्या सरकारने इंजिन, जाळी आणि बर्फ कारखाने यांना कर्जे व अनुदाने दिली. कोळंबी तळाशी आणि बहुधा उथळ पाण्यात असते. त्यामुळे खोल समुद्रासाठी म्हणून घेतलेली नौका किनाऱ्यालगतच तळ खरवडू लागली. त्याच पाण्यात रापणीची आणि छोट्या होड्यांची जाळी होती. ती तुटू लागली आणि भांडण पेटले.

पहिला मोठा भडका गोव्यात उडाला. सत्तरच्या दशकात तिथले रापणकार संघटित झाले, मातान्ही साल्ढाणा यांच्यासारखे नेते पुढे आले, आणि १९७८ मध्ये किनारी राज्यांतल्या मच्छीमारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीने किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखावा, असे सुचवले. पण केंद्राने स्वतः कायदा केला नाही. राज्यांना एक नमुना विधेयक पाठवून ते मोकळे झाले. त्याला घटनात्मक कारण होते. सातव्या परिशिष्टात 'मत्स्यव्यवसाय' हा राज्यसूचीत २१ व्या क्रमांकावर आहे, तर प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी संघसूचीत ५७ व्या क्रमांकावर. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने प्रादेशिक समुद्राची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, आणि अनन्य आर्थिक क्षेत्राची हद्द २०० सागरी मैल ठरवली. केरळ आणि गोवा यांनी १९८० मध्ये कायदे केले, महाराष्ट्राने पुढच्या वर्षी. १२ मैलांच्या आत राज्याचा आदेश आणि बाहेर केंद्राचा, ही रेषा त्या वेळी फक्त कागदावर महत्त्वाची वाटत होती. पुढचे जवळजवळ प्रत्येक भांडण तिच्याच आसपास झाले.

सुरुवातीच्या आदेशांत ट्रॉलरला ठरावीक खोलीच्या आत बंदी, सायंकाळी ६ ते सकाळी ६ ट्रॉल टाकण्यास मनाई, असे नियम होते. खोली वावांत मोजलेली होती, त्यामुळे तांडेलाला ती समजायला अडचण नव्हती. अडचण अंमलबजावणीत होती. मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी भाड्याच्या किंवा खात्याच्या गस्ती नौकेतून जाई. ट्रॉलर सापडलाच तर तो बंदरात आणून पंचनामा होई. मासळी टिकत नाही, म्हणून तिचा लगेच लिलाव होऊन रक्कम जमा केली जाई. प्रकरण मग तहसीलदारांकडे जाई, कारण निवाडा देणारे अधिकारी तेच होते. तहसीलदारांपुढे महसूल, निवडणुका, टंचाई, दाखले अशी रांग आधीच लागलेली असे. दंडाची कमाल मर्यादा मासळीच्या किमतीच्या पाचपट होती. मासळीची किंमत लिलावात ठरणार आणि लिलाव गर्दीच्या बंदरावर घाईने होणार, हे लक्षात घेतले तर तो दंड किती बोचत असेल हे उघड आहे. निकाल लागेपर्यंत नौका पुन्हा समुद्रात असे. कर्नाटकातल्या मलपीहून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरांचा पाठलाग करणे तर खात्याच्या नौकेला जमतच नसे. मग मच्छीमारच होड्या घेऊन जात, ट्रॉलर घेरून बंदरात आणत, आणि कधी कधी गुन्हा त्यांच्यावरच दाखल होई.

या घडामोडी चालू असतानाच दुसऱ्या खात्याचा कायदा मालवणात उतरला. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभा सुमारे ३ चौरस किलोमीटर, आणि हा गाभा सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाच्या आसपासचा. खडकांवरचे प्रवाळ, समुद्री शेवाळ आणि शिंपले यांच्या दृष्टीने जागा अचूक निवडली होती, यात शंका नाही. पण मालवण, दांडी, वायरी इथल्या होड्यांची रोजची वाट आणि रोजचे पाणी तेच होते. ट्रॉलर आवरायला ज्या सरकारला जमले नाही, ते आता छोट्या होडीला आवरणार, असा त्याचा अर्थ किनाऱ्यावर लावला गेला आणि विरोध सुरू झाला. समुद्रातल्या अभयारण्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद तोवर नव्हती. ती १९९१ च्या दुरुस्तीने आली. प्रादेशिक समुद्राचा भाग घ्यायचा असेल तर नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करावा आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी व्यवस्था करावी, असे तिने सांगितले. अभयारण्य आधी आणि मच्छीमाराची दखल चार वर्षांनी, हा क्रम उलटा असता तर विरोध कदाचित इतका टोकाला गेला नसता.

कायदा घटनेच्या कसोटीवर टिकतो की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो केरळमधून. केरळने प्रादेशिक समुद्रात पर्ससीन व रिंगसीन ही थव्याला घेरणारी जाळी आणि मधल्या थरातील ट्रॉल यांवर बंदी घातली होती. नौकामालकांचे म्हणणे असे की, घटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यावर हा घाला आहे. १९९३ मध्ये जोसेफ अँटनी खटल्यात न्यायालयाने बंदी वैध ठरवली. बहुसंख्य असलेल्या पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका राखण्यासाठी थोड्या यांत्रिक नौकांवर घातलेले बंधन वाजवी आहे, हा निकालाचा गाभा. पुढच्याच वर्षी पावसाळ्यातील ट्रॉलबंदीही त्याच न्यायालयात टिकली. खटले केरळचे असले तरी त्यांनी महाराष्ट्र सरकारचाही मार्ग मोकळा केला. यापुढे पर्ससीनवर बंदी घालता येते का, हा प्रश्न उरला नव्हता. घालायची इच्छा आहे का, एवढाच उरला. सरकारला त्याचे उत्तर द्यायला वीसहून अधिक वर्षे लागली.

दरम्यान अमेरिकेतल्या एका कायद्याची लाट भारतीय किनाऱ्यावर येऊन आदळली. १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एका खर्चविषयक कायद्यात कलम ६०९ घातले. समुद्री कासवांना धोका होईल अशा पद्धतीने पकडलेल्या कोळंबीची आयात त्याने बंद केली. प्रशासनाने सुरुवातीला ते फक्त कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकच्या देशांना लावले. पर्यावरण संस्थांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने तो नियम १ मे १९९६ पासून सगळ्या जगाला लावा, असा आदेश दिला. न्यूयॉर्कमधल्या न्यायालयाने दिलेल्या तारखेमुळे भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड हे चार देश जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये अपिलीय मंडळाने दिलेला निकाल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा आवडावा असा होता. कासव वाचवण्याचा हेतू रास्त आहे, पण अमेरिकेने तो राबवताना देशादेशांत अन्याय्य भेदभाव केला, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेने कायदा ठेवला आणि राबवण्याची पद्धत बदलली.

कासवाला वाट देणारे यंत्र तसे साधे आहे. ट्रॉल जाळ्याच्या गळ्यात धातूच्या गजांची तिरकी चौकट बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना जुळणारे यंत्र तयार केले. पण त्या झडपेतून मोठी मासळीही जाते, ही तांडेलांची तक्रार कायम राहिली आणि यंत्रे बहुतेक ठिकाणी वापराविना राहिली. अखेर २०१८-१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेची दारे बंद झाली. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ही बंदी नाही. त्यामुळे आंध्रच्या कोळंबीची निर्यात चालू राहिली आणि फटका समुद्रात जाणाऱ्यांना बसला.

विशेष म्हणजे या काळात सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कासवांसाठी वेगळ्या वाटेने काम चालले होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळास इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे देवगडातले तांबळडेग, वेंगुर्ल्यातले वायंगणी अशा पुळणींवर गावकरी तेच करू लागले. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने एक योजना आणली. जाळ्यात सापडलेले कासव, डॉल्फिन किंवा देवमुशासारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडला, तर मच्छीमाराला कमाल २५,००० रुपये भरपाई. त्यासाठी सोडतानाचे चित्रण आणि कापलेल्या जाळ्याचे छायाचित्र द्यावे लागते. मोबाइल घेऊन समुद्रात जाणाऱ्या तरुण खलाशांना ते जमते. चौकट बसवण्याची सक्ती जिथे वर्षानुवर्षे रुतून बसली होती, तिथे ही लहानशी योजना चालली.

मालवणच्या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा झगडा मात्र पर्ससीनचा. हे जाळे माशांच्या थव्याभोवती गोल सोडतात. तळाच्या काठाला कड्या असतात आणि त्यांतून ओवलेला दोर यंत्राने ओढला की बटव्याचे तोंड आवळावे तसा तळ बंद होतो. आत सापडलेला सगळा थवा नौकेवर येतो. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात, म्हणून हे जाळे त्यांच्यावर चालते. नेमके हेच मासे रापणीचे. मोठ्या पर्ससीन नौकांचे केंद्र रत्नागिरीचे मिरकरवाडा. पुढे लहान होड्यांवर बसवलेले मिनी पर्ससीन आले आणि त्यांतले बरेच विनापरवाना होते. तेव्हापासून 'पारंपरिक' आणि 'पर्ससीनवाले' अशी फूट एकाच गावात, कधी एकाच घरात दिसू लागली. ती केवळ गरीब-श्रीमंतांची फूट नव्हती. कर्ज काढून मिनी पर्ससीन घेणारा कालपर्यंत रापणीचा दोर ओढत होता.

सरकारने भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. वि. सो. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्यातील परवानाधारक पर्ससीन नौकांची ४९४ ही संख्या टप्प्याटप्प्याने २६२ वर आणि शेवटी १८२ वर आणावी, अशी तिची शिफारस. अहवाल आल्यावर काही वर्षे तो तसाच पडून राहिला. मालवणात मोर्चे निघाले, समुद्रात हाणामाऱ्या झाल्या, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी कलम ४ खाली अधिसूचना निघाली. पर्ससीन मासेमारी फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या चार महिन्यांत, जाळ्याच्या आसाचा आकार किमान २५ मिलिमीटर, नवे परवाने बंद, आणि उत्तरेत झाईपासून मुरुडपर्यंत या जाळ्याला मनाईच. या किनाऱ्यावर गेल्या अर्धशतकात निघालेला हा सर्वांत परिणामकारक कागद. दहा वर्षे रस्त्यावर उतरलेल्यांना आपण कायद्यात आलो असे पहिल्यांदा वाटले. पर्ससीनमालकांना मात्र आठ महिने नौका आणि खलाशी पोसायचे कसे, हा प्रश्न पडला, आणि तोही खोटा नव्हता.

अधिसूचनेची शाई वाळते न वाळते तोच एलईडी आले. एका नौकेवर जनरेटर ठेवून प्रखर दिवे पाण्यात सोडायचे, उजेडाला मासळी आणि म्हाकूल गोळा झाले की दुसऱ्या नौकेने जाळे मारायचे. सुरमईपासून पिल्लांपर्यंत काहीच सुटत नाही. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या आणि जोडीने ट्रॉल ओढण्याच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री मालवणच्या किनाऱ्यावरून क्षितिजावर दिव्यांची रांग दिसत राहिली.

याचे कारण पुन्हा तेच, निवाडा करणारी यंत्रणा. २०२१ मध्ये राज्याने अधिनियमात मोठी दुरुस्ती केली. निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना दिले. मासळीच्या किमतीवर अवलंबून असलेल्या जुन्या दंडाऐवजी ठरलेल्या रकमा आल्या. एलईडीने मासेमारी केल्यास दंड २० लाखांपर्यंत जाऊ शकतो. ट्रॉल जाळ्यात कासवाची चौकट नसणे हाही आता राज्याच्या कायद्याखाली दंडनीय अपराध झाला. वॉशिंग्टनमध्ये १९८९ साली लिहिलेले कलम बत्तीस वर्षांनी मराठी राजपत्रात पोचले ते असे.

बारा मैलांची रेषा मात्र अजूनही वादात आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये पर्ससीनवर पूर्ण बंदी घातली, तेव्हा नौकामालक सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने १२ मैलांच्या बाहेर, नोंदणीकृत आणि माग काढणारे यंत्र बसवलेल्या नौकांना, आठवड्यात सोमवार आणि गुरुवार हे दोनच दिवस, सकाळी ८ ते सायंकाळी ६ या वेळेत परवानगी दिली. पारंपरिक मच्छीमारांचा आक्षेप सरळ होता. बाहेर जायला आणि परत यायला नौका आतूनच जाणार, मग जाळे नेमके कुठे टाकले हे कोण बघणार?

असाच प्रश्न, वेगळ्या अंगाने, अमेरिकेतही उभा राहिला. तिथे बहुतेक राज्यांची हद्द ३ सागरी मैलांचीच आणि पुढचे संघराज्याचे. त्यांचा मत्स्य कायदाही १९७६ चाच. त्या कायद्याचा आधार घेऊन केंद्रीय मत्स्य खात्याने हेरिंग पकडणाऱ्या नौकांना निरीक्षक सोबत नेण्याची आणि त्याचा खर्चही सोसण्याची सक्ती केली. कायद्यात खर्चाबद्दल स्पष्ट शब्द नव्हता. न्यू जर्सीच्या केप मे इथल्या मच्छीमार कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २८ जून २०२४ रोजी लोपर ब्राइट खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. संदिग्ध कायद्याचा खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा, हा १९८४ च्या शेव्हरॉन निकालाने घालून दिलेला दंडक त्या दिवशी मोडीत निघाला. हेरिंगपेक्षा तो निकाल फार मोठा ठरला. औषधे, हवा, कर, बँका, सगळ्या खात्यांच्या नियमांवर त्याची सावली आहे. तिथला मच्छीमार खात्याचा हात आखडावा म्हणून न्यायालयात गेला. मालवणचा मच्छीमार खात्याने हात उगारावा म्हणून चाळीस वर्षे मोर्चे काढत राहिला.

अलीकडची पावले याच मागणीकडे वळलेली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायमंत्री नितेश राणे यांच्या उपस्थितीत राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू झाली आणि ड्रोनचे चित्रण पुरावा म्हणून वापरले जाऊ लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले. बारा मैलांबाहेर जाणाऱ्या यांत्रिक नौकेला आता ऑनलाइन प्रवेश परवाना घ्यावा लागतो, आणि एलईडी, जोडीचा ट्रॉल व बुल ट्रॉलिंग यांवरची बंदी नियमांतच आली आहे. बिनइंजिनाच्या आणि पारंपरिक होड्यांना हा परवाना लागत नाही. आतल्या बारा मैलांत २०१६ ची अधिसूचना आणि २०२१ चे दंड लागू आहेत.